जगाचे पाप, हरण आणि कोकरू

रमेदीकरीण

लहानपणी बरीच वर्षं माझी समजूत होती की आमच्या चर्चमध्ये वेदीपाशी दोन प्राणी राहतात. एक कोकरू आणि एक हरण.

दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ते शब्द यायचे: जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा (म्हणजे येशू). कोकरू तर समोर चित्रातच होतं, पांढरंशुभ्र, झेंडा घेतलेलं. हरण मात्र कुठे दिसायचं नाही. मग मी ठरवून टाकलं की ते लाजाळू असणार आणि फादर जिथे झगा बदलतात त्या आतल्या खोलीत उभं राहत असणार. बरं, वाक्याचा अर्थही मी नीट लावला होता. जगाचं पाप कोण करतं? हरण करतं. कोकरू बिचारं निस्तरतं. दुसरीत की तिसरीत असताना मी घरी विचारलं, "हरणाला कुमसाराला का नेत नाहीत?" (कुमसार म्हणजे पापनिवेदन. हा शब्द माझ्या गोव्याकडच्या मावशीचा, मला फार आवडतो.) घरच्यांना हसू आवरेना. आजी तेवढी हसली नाही.

आजीची गंमत माझ्याहून मोठी होती. तिचं सगळं आयुष्य लॅटिन मिस्सेत गेलेलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ला लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडलं. आमच्या वसईत मराठी रुळेपर्यंत पुढची काही वर्षं गेली, तोवर आजीचे केस पिकले होते. संतांची लितानी म्हणताना एकेका संताचं नाव घेतात आणि लोक म्हणतात "ओरा प्रो नोबिस", म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आजी म्हणायची, "ओरपा, नोबी." संत पेत्रा, ओरपा नोबी. संत पौला, ओरपा नोबी. मला वाटायचं, स्वर्गात सगळ्या संतांना पंगतीला बसवलंय, पानात सार वाढलंय आणि आजी आग्रह करतेय.

मराठी पुस्तक हातात आल्यावर चर्चमध्ये ती चारचौघींसारखं मराठीतून म्हणायची. घरी झोपताना मात्र ओरपा नोबी.

मी पुढे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता आमच्या धर्मग्रामाच्या पत्रिकेची मुद्रितं तपासते. चूक दिसली की हात शिवशिवतो. परवा एका लेखात "पाप हारण" असं आलं होतं. लाल शाईने काना उडवला आणि एकदम ते आतल्या खोलीतलं हरण आठवलं.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इरॅस्मस या डच विद्वानाने एका पत्रात एका पाद्रीबुवांची गोष्ट सांगितली आहे. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर म्हणायच्या लॅटिन प्रार्थनेत "सुम्प्सिमुस" असा शब्द आहे, म्हणजे आम्ही ग्रहण केलं. हे बुवा वर्षानुवर्षं "मुम्प्सिमुस" म्हणत. असा शब्दच लॅटिनमध्ये नाही. कुणीतरी चूक दाखवली, तर ते म्हणाले, तुमच्या नव्या सुम्प्सिमुससाठी माझा जुना मुम्प्सिमुस सोडणार नाही. इंग्रजीत तो शब्द पुढे हटवादीपणासाठी रूढच झाला. १५४५ साली आठव्या हेन्रीने पार्लमेंटमध्ये भाषण करताना तो जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंच्या तोंडावर मारला होता. (राजाच्या स्वतःच्या हट्टाबद्दल इथे बोलत नाही.)

तर विचारायचं हे, की तुमच्याकडे घरोघरी असे मुम्प्सिमुस कोणते आहेत? आणि ते तुम्ही दुरुस्त केलेत, की ठेवलेत?

ह्रस्वदीर्घ

ताई, हा धागा आमच्या घरावरच आहे असं समजून लिहितो.

गणपतीच्या आरतीत "पीतांबर फणिवरबंधना". फणिवर म्हणजे मोठा नाग, त्याचा कमरपट्टा केलेला. आम्ही सगळी भावंडं म्हणायचो "फळीवर वंदना". आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही, कारण आमचा गणपती खरोखरच फळीवर असायचा! दोन खोल्यांत दुसरीकडे ठेवणार कुठे? शेजारी मखर होतं, तर मला प्रश्न पडायचा की ते लोक ही ओळ कशी म्हणत असतील.

शुभं करोतीत "दीपज्योती नमोऽस्तुते"चा "दीपक जोशी" बहुतेकांच्या घरी झाला असेल. आमच्या वाड्यात खरोखरचे जोशी होते, त्यामुळे रोज संध्याकाळी त्यांना नमस्कार व्हायचा.

गणपतीच्या आरतीच्या शेवटच्या कडव्यात तर मारामारीच. "वाट पाहे सदना" की "सजणा"? मूळ सदना. पण अख्खा मंडप सजणा म्हणतो, आणि रामदासांना सजणा म्हणायला लावणं हा ब्रह्मचाऱ्यावर अन्याय आहे.

काथ्याकूट

पाप करणारं हरण आपल्याकडे आहेच की. मारीच!

आणि भाषेची गंमत बघा: हरणामुळे हरण झालं. त्या दोन शब्दांवर अख्खं रामायण उभं आहे. रमेदीकरीण ताईंनी दुसरीत असताना नकळत तुलनात्मक धर्मशास्त्र केलं होतं.

रमेदीकरीण

@काथ्याकूट, अहो, साठी उलटली तरी हे कधी सुचलं नव्हतं! आता येत्या रविवारी त्या ओळीला सीता आठवणार. तुम्हाला क्षमा करायला मला वेळ लागेल.

नगरी

मी प्रोटेस्टंट. आमच्याकडे फादर नाहीत, पाळक आहेत. मिस्सा नाही, उपासना आहे. आणि लितानी नसल्यामुळे आमचे संत उपाशी आहेत. पण गंमत आमच्याकडेही आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो, "आम्हांला परीक्षेत आणू नको." इथे परीक्षा म्हणजे मोह, कसोटी. पण दहावीच्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या वसतिगृहात या ओळीला जो आवाज चढायचा, तसा ख्रिसमसलाही चढत नसे. मेट्रन बाई डोळे मिटूनच म्हणायच्या, "मुलांनो, हळू. देवाला ऐकू येतं."

ही ओळ मोठ्या माणसांनाही छळते. देव कशाला कुणाला मोहात नेईल? इटलीतल्या कॅथलिकांनी २०२०च्या अखेरीस मिस्सेतली ओळ बदलून "आम्हाला मोहाच्या हाती सोडू नकोस" अशा अर्थाची केली. तिथेही कुणीतरी आजी जुनंच म्हणत असणार.

त्याच प्रार्थनेत "रोजची भाकर" आहे. आम्हा नगरच्यांना ते बरोबर लागू पडतं, बाजरीची डोळ्यांसमोर येते. वसईकरांना कसं वाटतं? तुम्ही तर भातवाले.

अवांतर: पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना वाचून कळावं ही त्यांची धडपड होती. छापून पूर्ण झालं १९२४मध्ये, त्या गेल्या १९२२मध्ये. वाचताना कुठे अडखळायला होतं, कुठे एकदम अंगणातली बाई बोलतेय असं वाटतं.

रमेदीकरीण

@नगरी, भाकर आमच्याकडेही होते हो, तांदळाची! त्यामुळे अडचण आली नाही. पण तुमच्या प्रश्नात मजा आहे. मूळ शब्द पावासाठीचा. आमच्याकडे पाव आणला पोर्तुगिजांनी, "पाव" हा शब्दही त्यांचाच. म्हणजे शब्दशः भाषांतर "रोजचा पाव दे" असं झालं असतं. तसं म्हटलं की बेकरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. भाकर म्हटलं की चुलीपाशी.

पोर्तुगिजांचं एवढंच नाही. नाताळ त्यांचा, पाद्री त्यांचा, बटाटा, काजू, घमेलं, बादली, चावी, लिलाव, पगार हेही त्यांचेच. माझं सदस्यनाम ज्या रमेदीवरून घेतलंय तेही "रेमेदियुस". आजारपणावर उपाय करणारी माउली, तिचं चर्च, त्यावरून गावाचं नाव. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. घमेलं राहिलं.

अलिबाग ते अश्दोद

शलोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. आजोळ रायगड जिल्ह्यातलं, आता मुक्काम इकडे इस्राएलात. आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण घाणा शनिवारी बंद. चुकीच्या वाचनाचा विषय निघालाय तर आमच्या भाषेमुळे झालेला सगळ्यांत मोठा घोटाळा सांगितलाच पाहिजे.

हिब्रू जुन्या पद्धतीने लिहिताना फक्त व्यंजनं लिहितात. काना-मात्रा वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायच्या. आमचा संदेष्टा मोशे सिनाय पर्वतावरून खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याबद्दल जो शब्द आहे, त्यात क-र-न ही तीन व्यंजनं. "करान" वाचलं तर चेहरा झळकत होता. "केरेन" म्हणजे शिंग. संत जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना शिंगाचा अर्थ धरला. परिणाम असा की मायकेलअँजेलोने घडवलेल्या मोशेच्या डोक्यावर रोमच्या चर्चमध्ये आजही दोन शिंगं आहेत. मी जाऊन पाहिलीत. गाईड इंग्रजीत समजावत होता, आणि माझी आई शांतपणे मराठीत म्हणाली, "देवाशी बोलून आला ना, म्हणून शिंगं फुटली."

ह्रस्वदीर्घ

हाहाहा, आईंना दंडवत!

हा तर सरळसरळ "ध चा मा". आणि मोडीतही हेच दुखणं होतं, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, वाचणाऱ्यानेच संदर्भाने ओळखायचं. आनंदीबाईंनी खरंच तो कागद बदलला का, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. पण नुसतं एक अक्षर फिरवून "धरावे"चं "मारावे" होऊ शकतं ही भीती मराठी माणसाच्या हाडात आहे.

छपाईतला याहून भारी किस्सा १६३१चा. लंडनला इंग्रजी बायबल छापताना दहा आज्ञांतल्या एका आज्ञेतला "नॉट" गळला. आज्ञा झाली: व्यभिचार कर! छापणाऱ्यांना तीनशे पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट केल्या, ज्या थोड्या वाचल्या त्या आता संग्रहालयात काचेत बसल्यात.

मुद्रितं तपासणाऱ्या ताईंना एक व्यावसायिक सूचना. मराठीत "नको" वाक्याच्या शेवटी येतो. "व्यभिचार करू" इथे पान संपलं आणि "नको" पुढच्या पानावर गेला, तर पान उलटेपर्यंतच्या काळाची जबाबदारी कोणाची?

रमेदीकरीण

त्या पानाची जबाबदारी जुळणी करणाऱ्याची. मी लांबून पाहीन.

जेरोमचं नाव निघालंच आहे तर त्याची आणि उत्तर आफ्रिकेतला बिशप असलेल्या संत ऑगस्टीनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या धर्मशिक्षणात हे दोघे एकाच ओळीत, डोक्यामागे सारखीच तेजोवलयं घेऊन बसलेले असतात. प्रत्यक्षात पत्रांतून एकमेकांना टोमणे चालू असत.

बायबलमध्ये योना नावाचा संदेष्टा आहे, माशाच्या पोटात गेलेला तोच. गोष्टीच्या शेवटी तो उन्हात रुसून बसतो आणि देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगवतो. जुन्या लॅटिनमध्ये तो भोपळ्याचा वेल होता. जेरोमने हिब्रूवरून नव्याने भाषांतर केलं आणि भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल घातला. उत्तर आफ्रिकेत, आजच्या त्रिपोलीच्या जागी असलेल्या गावात, बिशपांनी हे नवं भाषांतर भर चर्चमध्ये वाचलं आणि लोक खवळले. पिढ्यान्‌पिढ्या भोपळा ऐकलाय, हे नवं काय? इतका गोंधळ झाला की बिशपांना गावातल्या ज्यू लोकांना जाऊन विचारावं लागलं, आणि शेवटी जुना शब्द परत घ्यावा लागला. ऑगस्टीनने इसवी सन ४०३च्या सुमारास जेरोमला पत्र लिहून हे सगळं कळवलं. सूर असा, की बाबा, तुझी विद्वत्ता मोठी, पण माझे लोक हातचे जातील. जेरोम चिडला.

म्हणजे दोन महान संतांमध्ये अक्षरशः भोपळ्यावरून वाजलं. आता विळा कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी आधी जेरोमच्या बाजूची होते. मराठीची बाई, मूळ संहिता पवित्र, लोकांना काय कळतं वगैरे. आता मुद्रितं तपासताना त्या त्रिपोलीच्या लोकांची आठवण येते. ते वनस्पतीसाठी भांडत नव्हते. लहानपणापासून डोळे मिटले की योनाच्या डोक्यावर त्यांना जे दिसायचं, ते कुणीतरी एका रविवारी उपटून टाकलं होतं.

सासष्टीकार

देव बरें करूं, ताई. (आम्ही आभार असेच मानतो, देव बरं करो. "धन्यवाद" म्हटलं की कचेरीत आल्यासारखं वाटतं.)

गोव्यातल्या आमच्या सासष्टीचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून आलो. टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात पोचला, आयुष्य सासष्टीत काढलं, १६१९मध्ये गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची तक्रार होती की आमची जुनी पुराणं सुटली, आता वाचायला काय? म्हणून याने क्रिस्तपुराण लिहिलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. मराठी भाषेची स्तुती करताना तिला फुलांतल्या मोगरीची उपमा दिली. इंग्रज माणूस, दमट हवेत, जाड झगा घालून ओवी जुळवतोय हे चित्र मला फार आवडतं.

छापलं १६१६मध्ये, आमच्या राशोलला, म्हणजे रायतूरला. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत! त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज मिळत नाही. लोकांनी हाताने नकला केल्या म्हणून ओव्या टिकल्या. आता विचार करा, मराठी ओवी, रोमन अक्षरं, नक्कल करणारा दमलेला. किती हरणं घुसली असतील!

आणि पुढे १६८४मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. आम्ही अजून कोंकणीतच भांडतो.

आता करमणुकीचं एक, सांजांव. २४ जून, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण. येशूची आई मारिया भेटायला आली तेव्हा योहानाने आईच्या पोटात उडी मारली, असं शुभवर्तमानात आहे. आता यावरून धर्मशास्त्रज्ञ ग्रंथ लिहितील. आमच्या लोकांनी काय केलं? पावसाने विहिरी भरलेल्या, डोक्यावर फुलापानांचा कोपेल घातला, "व्हिवा सांजांव" ओरडले आणि विहिरीत उड्या मारल्या. याहून शब्दशः भाषांतर जेरोमलाही जमलं नसतं.

काथ्याकूट

सासष्टीकार, प्रतिसाद आवडला. मी नास्तिक आहे, पण विहिरीत उडी मारायला तयार आहे.

आता जरा खडा टाकतो. ताई, या सगळ्यामागच्या खऱ्या प्रश्नाला तुम्हीच बगल दिलीत. चुकीचं म्हटलेलं देवाला पोचतं का? आपल्याकडे तर स्वर चुकला की यजमानाचाच घात होतो, अशी धमकी आहे. वृत्राची गोष्ट माहीत असेलच: "इंद्रशत्रु" शब्दाचा स्वर चुकीच्या जागी पडला, आणि इंद्राला मारणारा व्हायचा तो इंद्राकडून मरणारा झाला. तुमच्या आजी अर्थ माहीत नसताना लॅटिन म्हणत होत्या आणि तेही चुकीचं. मग ती प्रार्थना झाली की नुसता आवाज?

(हलके घ्या.)

रमेदीकरीण

जडच घेते, कारण प्रश्न चांगला आहे.

आमच्या वसईचा एक संत आहे, गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७च्या सुमाराचा, आई इथलीच, वडील पोर्तुगीज. तरुणपणी जपानला गेला, तिथे व्यापार केला, जपानी भाषा अशी शिकला की पुढे फ्रान्सिस्कन संन्याशांबरोबर परत गेला तेव्हा दुभाषा तोच. साधा ब्रदर, पाद्री नव्हे. राजसत्तेसमोर ज्येष्ठांनी बोलायचं आणि याने ते जपानीत सांगायचं. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीला त्याला आणि इतर पंचवीस जणांना क्रुसावर चढवलं. १८६२मध्ये रोमने त्याला संत जाहीर केलं, भारतात जन्मलेला पहिला. भाषांतरकारांचा कैवारी म्हणून जग जेरोमला मानतं, ३० सप्टेंबरला त्याच्या नावाने दिवस पाळतं. मी मुद्रितं उघडताना गोन्सालोला हाक मारते. जेरोम शब्द तपासत बसला असता. हा दोन्हीकडच्या लोकांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला असणार, काय म्हणायचंय ते ओळखत.

आता आजीचं. ती गेली त्या आठवड्यात तिला मराठी, आमची कादोडी बोली, काहीच नीट बोलता येत नव्हतं. आम्ही उशाशी बसून लितानी म्हणत होतो, अर्थातच मराठीतून, शुद्ध. ती गप्प. मग माझ्या आईने एका संताचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाली, "ओरपा नोबी." आजीचे ओठ हलले. मग आम्ही सगळ्यांनी, मी मराठीची बाईसुद्धा, सगळ्या संतांना ओरपायला लावलं.

ती प्रार्थना होती की आवाज, ते मला ठरवता येत नाही. पण वृत्राच्या वेळचे देव फारच काटेकोर होते बुवा.

काथ्याकूट

खडा मागे घेतो.

नगरी

🙏

अर्धा ईस्ट इंडियन

उशिरा आलो. वातावरण हलकं करतो. आम्ही मुंबईचे मूळ मराठी बोलणारे कॅथलिक, राहतो पश्चिम किनाऱ्यावर, पाय समुद्रात, आणि समाजाचं नाव ईस्ट इंडियन! १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, ईस्ट इंडिया कंपनीची आठवण धरून हे नाव घेतलं आणि संघ स्थापला. कंपनी तेव्हा बुडालेली. परदेशात कुणाला सांगितलं की विचारतात, कलकत्ता का?

आणि "मिस्सा" या शब्दाबद्दल कुणी बोललंच नाही. लॅटिन उपासनेच्या शेवटी "इते, मिस्सा एस्त" म्हणतात. म्हणजे जा, आता निरोप आहे. अख्ख्या उपासनेला नाव पडलं ते त्या शेवटच्या वाक्यावरून. माझा मुलगा म्हणतो, लोकांना सगळ्यांत आवडलेलं वाक्य तेच असणार.

सासष्टीकार

तुमच्या मुलाला आमच्याकडे पाठवा, सांजांवला विहिरीत ढकलतो.

रमेदीकरीण

सगळ्यांचे आभार. देव बरें करूं. पत्रिकेच्या पुढच्या अंकात लहान मुलांसाठी एक पान मिळालंय. त्यात हरणाचं चित्र घालायचं ठरवलंय, वेदीच्या मागून डोकावणारं. संपादकांना कारण सांगितलेलं नाही.

ह्रस्वदीर्घ

एक राहिलंच. आरतीच्या शेवटी "संकटी पावावे" आहे, "संकष्टी पावावे" नाही. संकष्टी ही तिथी. देवाने फक्त महिन्यातून एकदा पावावं असं कोण म्हणेल? निदान या धाग्यावरच्यांनी यंदा तरी बरोबर म्हणा.

नवीन सदस्य

पहिलाच प्रतिसाद. बाकी सगळं पटलं. पण आमच्या आळीत चाळीस वर्षं संकष्टीच म्हणतात. तेच म्हणणार.